पांढऱ्यात हळद

आई, मी लिहायला बसलोय म्हणजे काहीतरी उपद्व्याप करून आलोय असं समजू नको. आता मी रोह्याच्या कंपनीत हाय, वरसे गावात खोली घेतलीय. काल शेजारच्या काकांना डॉक्टरनी तुझीच ती बारकी गोळी दिली. ठोके ताळ्यावर ठेवायची, शनिवार-रविवार बंद. काका म्हणाले, गोळी सरकारी नोकरीतली दिसते. सगळे हसले. मला नाय हसायला आलं.

तुला ती लागली तेव्हा आपण पेणला, रामवाडीत. तू गणपतीच्या कारखान्यात डोळे आखायचीस आणि मी शाळा बुडवून तिथंच. डॉक्टरनी नीट सांगितलेलं, हे औषध एका फुलझाडाच्या पानातून निघालं, पण जपून घ्या, आठवड्यातनं दोन दिवस सुट्टी. तू त्यातलं फक्त पान ऐकलंस. झाडपाल्यानं कुणाचं वाईट होतंय, असं बायकांना सांगत सुटलीस. सीझन लागल्यावर तर सुट्टीच मोडीत काढलीस. "गणपती जाईपर्यंत मला सुट्टी नाय, मग गोळीला कसली?" सगळा कारखाना हसला.

मग एक दिवस तू पांढऱ्या रंगाची वाटी माझ्यापुढं आपटतेस. "हळद टाकलीस ना मेल्या?" मी नाय म्हणतो, पण मालकाच्या चहात शाडू कालवणाऱ्याचं कोण ऐकणार? तू माझा कान पिळतेस आणि पिवळेपणा मारायला रंगात नीळ घालतेस. नवा डबा फोडला तरी तेच. दोन दिवसांत रांगेतल्या गणपतींचे डोळे निळसर झाले. तू माझंच नाव सांगितलंस. मालक म्हणाला, पोराला आवर, नायतर तू पण उद्यापासून येऊ नको. मी खाली बसून वाट्या धुवायला घेतल्या. खरंच टाकली असती तर चार उत्तरं दिली असती.

घरी तू जेवत नव्हतीस, मळमळतं म्हणायचीस. त्या रात्री ताटातल्या भाताकडं बघून म्हणालीस, ह्यात पण टाकलीस काय? भात तूच शिजवलेला. तिथं मी चपापलो. बरणीतलं मीठ हातावर घेऊन तुझ्यापुढं धरलं. "हे कसं दिसतंय गो?" तू चिमूटभर उचलून दिव्याजवळ नेलंस. "पिवळट," म्हणालीस, पण आवाजात दम नव्हता.

डॉक्टरकडं तू गेली नसतीस, सीझन होता ना. म्हणून सकाळी तुझे आखणीचे ब्रश मी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवले आणि तुला सांगितलं, पायजे तर तिथनं आण. शिव्या घालत आलीस. त्यांनी नाडी धरली, मशीनवर छातीच्या ठोक्यांची पट्टी काढली, गोळी कशी घेता विचारलं. पानातलं असलं तरी जास्त झालं की विषच, म्हणाले, पिवळं दिसतंय ते त्याचंच, अजून थोडे दिवस गेले असते तर हृदय बंद पडलं असतं. तू माझ्याकडं वळलीस. "म्हणजे तू नव्हती टाकलीस." एवढंच. मग दवाखान्यात झोपून राहिलीस, हळूहळू चादर तुला पांढरी दिसायला लागली. पुढं सुट्ट्या पाळून तीच गोळी घेतलीस आणि आणखी काही वर्षं गणपती आखलेस.

हे पत्र कुठं टाकायचं, तू गेलीस तिकडं काय पेटी नाय. असंच ठेवतो. पण तेव्हा बोललो नाय ते सांगतो. डॉक्टरपुढं तू नव्हती टाकलीस म्हणालीस तेव्हा खरं तर मी जिंकलेलो. आणि मला वाटत होतं, हळद मीच टाकलेली असती तर किती बरं झालं असतं.