शुक्रवारचं कुलूप

बाई, तुम्ही गेलात त्याला तीसेक वर्षं झाली, आणि आज मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. जिवंतपणी तुमच्यासमोर माझा आवाज कधी चढला नाही. आज चढवते, कारण तुम्ही मध्येच हात वर करून "आधी पाणी पी" म्हणणार नाही.

घाटकोपरची तुमची ती तळमजल्यावरची खोली. पुढे टेबल आणि लोखंडी कपाट, मागे पडदा, पडद्यामागे स्वयंपाकघर. रेशनिंग ऑफिसातून रिटायर झाल्यावर तुम्ही लोकांसाठी चौकशीचं काम मांडलंत. लोक यायचे, "बाई, हा बिल्डर खरा का?", "बाई, हा एजंट भावाला दुबईला पाठवतो म्हणतो, पाठवेल ना?" ज्याची चौकशी केली त्याचं एकेक कार्ड त्या कपाटात. मी तेव्हा तुमच्याकडे पोळ्या करायला येत होते. नववीत शाळा सुटलेली, पण कान शाबूत. एकदा न राहवून पडद्याआडूनच म्हणाले, "तो फ्रीजवाला ना? त्याच्या दुकानात एकच फ्रीज आहे. बाकी सगळे रिकामे खोके." तुम्ही पडदा सारलात. "तुला काय माहीत?" "ढकलून बघितले." त्या दिवसापासून चौकशा मी करायला लागले आणि पोळ्या तुम्ही. तुमच्या पोळ्या चामड्यासारख्या व्हायच्या, पण मी कधी बोलले नाही.

तुमचा नियम एकच. रिपोर्टातलं प्रत्येक वाक्य दोनपैकी एका शब्दाने संपलं पाहिजे, पाहिलं किंवा ऐकलं. दारात पाच जोडी चपला, पाचही मापं वेगळी. पाहिलं. आतून रोज ठोकाठोकीचा आवाज येतो असं शेजारीण म्हणते. ऐकलं. मी एकदा 'माणूस सज्जन वाटला' लिहिलं, तर तुम्ही कागद टराटरा फाडलात. "वाटायला आपण काय कविता करतोय का गं?" किती हसलो होतो आपण.

मग ती आली. मुलुंडची, बी.कॉम. झालेली. इंग्रजी पत्रं लिहायची, कंपन्यांचे सरकारी कागद वाचून कोण भागीदार कधी निघून गेला ते सांगायची. तिच्याशी बोलताना तुम्ही चष्मा काढून ठेवायचात. माझ्याशी बोलताना कधीच काढला नव्हता, मी लक्ष ठेवून होते. महिनाभरात कपाटाची किल्ली तिच्याकडे. एकदा म्हणालात, "हिचं वाक्य बघ, कसं नेमकं असतं." मी बघितलं, छान म्हटलं, आणि आतल्या आत कढीसारखी फुटले. ती मला ताई म्हणायची. डबा उघडला की कोथिंबीर वडी आधी माझ्यापुढे. अशा माणसाचा हेवा करणं म्हणजे कष्टाचं काम, पण ते मी मन लावून केलं.

तेवढ्यात चारकोपचं काम आलं. मुलुंडचा एक भांड्यांचा मोठा व्यापारी एका माणसाला स्टोव्हच्या बर्नरचं वर्षभराचं काम द्यायला निघाला होता. त्याआधी माणूस कसा आहे ते त्याला कळायला हवं होतं. माणूस मूळचा मालवणकडचा, गिरणी सुटलेला, वाकोल्याच्या एका खोलीत राहणारा. होतं नव्हतं ते घालून चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत त्याने गाळा घेतला होता. ती जाऊन आली, रिपोर्ट चांगला दिला. तुम्ही मला म्हणालात, "एका डोळ्याचा रिपोर्ट मी पाठवत नाही. तू एकदा बघून ये."

मी गेले ती शुक्रवारी. आजही डोळे मिटले की मी त्या गेटात उभी आहे. वसाहतीत चिटपाखरू नाही. गाळ्याला कुलूप. दारावर पाटीची जागा रिकामी, चार खिळे तेवढे. वॉचमन स्टुलावर बसून कान कोरतोय. "ताई, आज कशाला आलात? इथे सुट्टी शुक्रवारची असते ना! रविवारी या, सगळे असतात. त्याची पाटी रंगवायला दिलीय." मी बरं म्हटलं आणि वळले. स्टेशनला पोचेपर्यंत रिपोर्ट डोक्यात तयार होता.

गाळ्याला कुलूप. पाहिलं. दारावर पाटी नाही. पाहिलं. आवारात एकही कामगार नाही. पाहिलं.

एक अक्षर खोटं नव्हतं, बाई. वॉचमनचं 'ऐकलं' तेवढं लिहिलं नाही. कागद मी सोमवारी दिला. तुम्ही विचारलंत, "कधी गेली होतीस?" मी म्हणाले, "शनिवारी." हे मात्र साफ खोटं.

तुम्ही तिला समोर उभी केलीत. "मशीन चालू, पाहिलं, असं लिहिलंयस. पाहिलं होतंस का?"

"बाई, शपथ. माझ्या ओढणीला तेल लागलं होतं तिथलं."

"मग हिचे डोळे खोटे?"

तिने माझ्याकडे बघितलं. ती भांडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने किल्ली टेबलावर ठेवली आणि चपला घातल्या. पुन्हा आली नाही. किल्ली तुम्ही माझ्या हातात दिलीत आणि व्यापाऱ्याला कळवलंत, काम देऊ नका.

महिन्याभराने तो माणूस स्वतः आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक बर्नर त्याने टेबलावर ठेवला. "बाईनू, माझ्यात काय खोट गावली, ता तरी सांगा. गाळो एक दीस बंद नाय माझो. शुक्रवार सोडून." तुम्ही त्याला चहा दिलात. व्यापाऱ्याला दुसरं पत्र लिहिलंत, पण काम तोवर दुसऱ्याकडे गेलेलं. दिवाळीच्या आत त्याने गाळा सोडला आणि बायकोला घेऊन गावी गेला. मला तुम्ही एका शब्दाने काही विचारलं नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाहीत. मी मनाची समजूत घातली, बाईंच्या ध्यानात आलेलं नाही. पुढे तुम्ही जाईपर्यंत कपाट मीच सांभाळलं. पाच पोरी शिकवल्या, आणि प्रत्येकीला बजावलं की चौकशीला जाशील त्याचा वारही लिहायचा. त्या म्हणायच्या, ताई किती बारकाईने शिकवतात!

मागच्या महिन्यात बोरिवलीला एका लग्नात ती भेटली. केस पांढरे, हसणं तेच. "ताई!" म्हणून तिने माझे दोन्ही हात धरले, जवळ बसवलं. इकडचं तिकडचं झालं, आणि बोलता बोलता म्हणाली, "बाईंनी नंतर मला पत्र लिहिलं होतं, माहितीये ना तुम्हाला? चार पानी. तू खरं लिहिलं होतंस, चूक माझी झाली, परत ये म्हणून. मला तोवर बँकेत लागली होती नोकरी. पण अजून जपून ठेवलंय मी. दाखवू? घर इथेच आहे, दोन मिनिटांवर."

म्हणजे तुम्हाला कळलं होतं. सगळी वर्षं तुम्हाला माहीत होतं, आणि तरी किल्ली माझ्याकडे राहू दिलीत.

बाई, त्या मांडवात मला आधी लाज वाटायला हवी होती. त्या माणसाचा बर्नर आठवायला हवा होता. आठवला, पण नंतर. आधी मनात आलं ते एवढंच, की तिला चार पानं लिहिलीत आणि मला एक ओळही नाही. तुम्ही मला शिव्या दिल्या असत्यात, हाकलून दिलं असतंत, तरी ते माझं झालं असतं. खरं बोलून बोलणी तिने खाल्ली, आणि पत्रही तिलाच.

मी तिला नको म्हटलं. गुडघे दुखतात म्हणून सांगितलं. गुडघे धड आहेत माझे. पत्रात तुम्ही माझ्याबद्दल वाईट लिहिलं असेल याची मला भीती नव्हती. चारही पानांत माझा उल्लेखच नसला तर, एवढीच होती.