माझंच गाणं, मराठीतलं

रविवार, ११ जानेवारी २००९, दुर्गापुरा

आज बाबांना हट्टानं मालवीय नगरच्या फिल्म क्लबात नेलं. सिनेमा विनोदी, गाण्यांचा. कम्युनिस्ट राजवटीतली चार पोरं बँड काढतात आणि प्रत्येक गाणं आधी सरकारी साहेबाकडून मंजूर करून घ्यावं लागतं. साहेब ओळींवर काट मारतो, पण टेबलाखाली त्याचा पाय मात्र ठेका धरतो! त्या पायावर बाबा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. माझ्या गिटारला 'टुणटुण' म्हणणारे बाबा! तो पाय बघून त्यांना नक्की काय आठवलं? विचारायचं राहिलं.

परत येताना स्कूटरवर सांगून टाकलं, "बाबा, शुक्रवारी कॉलेजात मी गाणार आहे. माझंच गाणं, मराठीतलं."

"शब्द कुणाला दाखवलेस?"

"कुणालाच नाही."

"मला दाखव. तुझ्या मराठीत चुका असतात."

असतात, मान्य; इथे सगळी शाळा हिंदीतच झाली. तरी म्हटलं, "नाही दाखवणार. येऊन ऐका."

आवाज जराही कापला नाही. मतलब, माझं मलाच नवल वाटलं.

पुढचा सिग्नल सुटला. बाबा म्हणाले, "शुक्रवारी ड्यूटी आहे माझी. बदलून घेतो."