अमावास्येची गाडी

हातकणंगले, फेब्रुवारी २००६

प्रिय दादा,

मला नोकरी चालून आलीय, आणि पेढे वाटावेत की तोंड लपवावं हेच कळेनासं झालंय. तू पुण्यात बसून हसशील. हस बापडा, पण शेवटपर्यंत वाच.

आमच्या कॉलेजनं आणि बाबांच्या मालकांनी, धनपालअण्णांनी, मिळून हा मालवाहतुकीचा कोर्स काढलाय ना, तिथं सकाळी सर वर्गात शिकवतात आणि दुपारी आम्ही अण्णांच्या गोदामात असतो. दोन्हीकडची तऱ्हा वेगळी. सर म्हणतात, उभी गाडी म्हणजे तोटा. अण्णांच्या ट्रान्सपोर्टात मात्र वडिलांपासूनची रीत, अमावास्येला गाडी बाहेर काढायची नाही. गाड्या धुवायच्या, लिंबू-मिरची बदलायची आणि ड्रायव्हरांनी घरी जायचं.

शेवटच्या प्रकल्पात मी कबनूरचं कापड अमावास्येलाही पाठवायचं आखलं. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेऊन हे सगळं सोडलं, मग मी कशाला ते कागदावर आणू? सर खूश झाले. अण्णा तिसऱ्या दिवशी म्हणाले, पोरी, तूच नोकरीला ये आणि करून दाखव.

तेव्हापासून डोक्याचं भजं झालंय. आपण अवस मानत नव्हतो, पण तिची वाट आपल्याइतकी गल्लीत कुणी पाहिली नसेल. बाबा एरवी गाडीवर, तेवढाच त्यांचा घरचा हक्काचा दिवस. आई मटण करायची, शेजारीण नाक मुरडायची, आणि बाबा जेवून आपल्या दोघांच्या मधे घोरत पडायचे. मी अण्णांना म्हटलं, मग पाळीनं सुट्टी द्या. ते सरळ म्हणाले, अवसेला भिऊन थांबवत होतो गं, माणसांसाठी गाडी कोण थांबवतं?

काल अण्णांनी विचारलं, येत्या अमावास्येला पहिली गाडी कोण नेणार? एकही ड्रायव्हर पुढे येईना. बाबाच उठले. आमच्यात अवस पाळत न्हाईत, पोरीनं आखलंय, मीच जातो की, असं म्हणाले आणि ताठ मानेनं सगळ्यांकडे बघत राहिले. आता नोकरी नाकारली तर चारचौघांत त्यांची मान खाली, आणि घेतली तर आईला काय सांगू? तिला अजून कुणीच हे सांगितलेलं नाही. सोमवारी अण्णांना उत्तर द्यायचंय. त्याआधी तू ये दादा, आणि आईला तू सांग. बाबा आता कुठल्या दिवशी घरी, असं ती विचारेल, आणि माझ्या आखणीत तसा दिवसच नाही.

तुझीच, काही न सुचणारी,
संघप्रिया