इरूच्या मुलीचा रॉटरडॅमचा बाप

शिवाजी पार्क, दादर
रविवार सकाळ

ती. अण्णांना,

धाकट्या भावाचा, गुडघे वाकू देतील तेवढा नमस्कार. तुमची शुगर, तुमची पाठ आणि गिरगावातल्या तुमच्या तिसऱ्या मजल्यावर चढणारं पाणी, तिन्ही ताळ्यावर असतील अशी आशा. इकडे सुमती बरी, मीही बरा. पत्र पाहून दचकू नका, कोणी गेलेलं नाही. तुम्ही मला व्हॉट्सॲपवर ब्लॉक केलंय, आणि फोन केला की वहिनी 'राँग नंबर' म्हणतात (चाळीस वर्षं ओळखतात मला, आणि मागून तुमचा खोकला ऐकू येतो). म्हणून या वयात पोस्टाची तिकिटं शोधत हिंडलो.

विषय तुमची मुलगी इरावती. पान फाडू नका, मागच्या बाजूलाही मजकूर आहे.

चार वर्षांपूर्वी तिने तुम्हाला सांगितलं की मूल होणार आहे आणि लग्न होणार नाही. त्यानंतर तुम्ही काय बोललात ते तुम्हाला पाठ असेलच. तेव्हापासून ती आमच्याकडे आहे. मुलगी झाली, मनू. तिचा बाप यास्पर, रॉटरडॅमचा डच इंजिनिअर. माझगावला इरू जहाजांचे आराखडे करते, तिथल्या धक्क्याचा गाळ उपसायला आला होता. समुद्राच्या तळाचं त्याला सगळं कळतं, वरचं जरा कमी. काम संपलं तसा परत गेला. पहिल्या वर्षी चॉकलेटं आली, दुसऱ्या वर्षी लाकडी बूट आले (मनूच्या मापाचे नव्हे, माझ्याही नव्हे, सुमतीने त्यांत कांदे ठेवलेत), तिसऱ्या वर्षी काहीच नाही.

मग एके दिवशी जेवताना इरू म्हणाली, "काका, मला त्याच्याकडून नवरेपण नकोय. पण मनूचं जे आहे ते मी सोडणार नाही."

मला काय, निवृत्त माणसाला काम हवंच होतं. मैदानाला फेऱ्या मारताना आमच्या चालणाऱ्या मंडळींपुढे मी विषय काढला. सगळ्यांचं एकमत झालं की गोऱ्यांमध्ये संस्कारच नसतात. सर्वांत मोठ्याने हे सांगणाऱ्या गृहस्थांचा मुलगा परदेशात आहे आणि आईच्या दहाव्याला तो स्क्रीनवर हजर होता, तोही पाच मिनिटं. असो. दुसऱ्या एकाने विचारलं, लग्नच नाही तर पोटगी कसली? हाच प्रश्न मी ॲडव्होकेट अभय यांना विचारला. ते म्हणाले, "अहो, पोटगी बाईची वेगळी आणि मुलाची वेगळी. मुलाला कोणी विचारतं का, आईबापांचं लग्न झालंय का म्हणून?" (मी म्हणालो, आमच्या गिरगावच्या घरात विचारतात.)

अभय माणूस हुशार, पण त्यांची सगळी वकिली जुन्या इमारतींच्या रीडेव्हलपमेंटची. यास्परला पाठवायची नोटीस त्यांनी जुन्या नोटिशीवरूनच बेतली आणि 'इमारत' असेल तिथे 'बालिका' घातलं. मी चष्मा न लावता वाचून 'छान' म्हटलं. ती रॉटरडॅमला रवाना झाल्यावर इरूने वाचली. त्या इंग्रजीचा मराठी मतलब असा : सदर बालिका जुनी व मोडकळीस आलेली असून, विकासकाने तिची जबाबदारी न घेतल्यास जीवितहानीचा संभव आहे.

इरू माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला. यास्परचाच. मनू आजारी आहे का, किती आजारी आहे, हॉस्पिटलमध्ये आहे का? अण्णा, तीन वर्षांत त्या माणसाने एवढे प्रश्न एकदम विचारले नव्हते. इरू शांतपणे म्हणाली, "मनू ठणठणीत आहे. मोडकळीला तिचे वडील आलेत."

मग तिने त्याला चांगलं धारेवर धरलं. तो म्हणाला, मी नाही कधी म्हटलं? कोणी मागितलंच नाही! आणि भारतात सगळं कुटुंबच सांभाळतं असं ऐकलं होतं. आजी, आजोबा, सगळे मिळून. मुलाला कधी कमी पडत नाही म्हणे.

एरवी इरू कोणाला ऐकत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. 'आजोबा' ऐकल्यावर मात्र फोन टेबलावर ठेवून मनूच्या कपड्यांच्या घड्या घालू लागली. शेवटी सुमती स्वयंपाकघरातून ओरडली, "त्याला सांग, ते ब्रोशरमध्ये असतं!"

पुढे त्याने डीएनए टेस्ट मागितली. त्याचा हक्क होता, तरी इरूला ते लागलं. मी, इरू आणि मनू परळच्या लॅबमध्ये गेलो. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म भरताना माझ्याकडे बघत विचारलं, "फादर कोण?" मी म्हटलं, "बाई, तेच शोधायला आलोय." रांगेतले सगळे वळून बघू लागले. मनूने मात्र गालाच्या आतून कापूस फिरवून घेतला आणि अजून एकदा करा म्हणाली.

अहवाल आला. बाप तोच. आता ऐका, त्यांच्या देशात मूल लग्नातलं की बाहेरचं, कायद्याला फरक पडत नाही. जन्म दिलात, खर्च द्या. तोही एकवीस वर्षांपर्यंत (तुमच्या लेकाला, गंधारला, तुम्ही चौतिसाव्या वर्षीही देताय, पण ते प्रेम). इरूने तिथली एक वकीलबाई गाठली, दोन महिने कागद इकडून तिकडे फिरले, आणि यास्परने सही केली. रक्कम लिहीत नाही, तुम्ही लगेच युरोला रुपयांनी गुणायला बसाल. पहिला हप्ता आला तेव्हा मी पेढे आणायला निघालो, तर इरूने अडवलं. "काका, पेढे कसले? मनू मोठी झाल्यावर विचारेल ना, माझा बाबा कसा होता? आता मला खोटं बोलावं लागणार नाही. उशिरा दिलं, पण दिलं." आणि मग अण्णा, तुमची ती दगडासारखी मुलगी, चार वर्षांत पहिल्यांदा, सुमतीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिथून निघालो आणि उगाचच गिझर दुरुस्त करायला घेतला. तो चालू होता, आता बंद आहे.

पण मला मुख्य सांगायची ती यास्परची आई. नातीचा पत्ता तिला या नोटिशीमुळेच लागला. लेकाला काय बोलली ते डचमध्ये होतं, पण सूर ओळखीचा वाटला. आता ती दर बुधवारी व्हिडिओवर येते. मनूचे कान तिच्या वडिलांसारखे आहेत म्हणते. गेल्या बुधवारी तिने मला विचारलं, मनूचे दुसरे आजोबा, इरावतीचे वडील, ते हयात नाहीत का?

आहेत म्हणावं तर पुढचा प्रश्न येणार की मग कुठे आहेत. मी सांगितलं, आहेत, पण लांब असतात. केवढे लांब, असं तिने विचारलं. मी म्हटलं, टॅक्सीने अर्धा तास.

तिने ते पुन्हा विचारून घेतलं. तिला वाटलं, माझं इंग्रजी चुकलं.

वहिनींना नमस्कार, आणि त्यांना माझा राँग नंबर कळवा.

तुमचा,
चिंतामणी

ता. क. मूळ काम राहिलंच. मनूच्या तिकडच्या कागदांसाठी इरूचा जन्मदाखला लागतो. तो तुमच्या कपाटात खालच्या खणात, विम्याच्या फायलीखाली आहे. तेवढा पाठवा.

ता. क. २. कुरिअरचा भरवसा नाही. तुम्हीच घेऊन या. पुढच्या रविवारी अकराला. मनू तेव्हा जागी असते आणि अनोळखी माणसांना घाबरत नाही.

ता. क. ३. इरूने आत्ता मागून वाचलं. म्हणते, दाखला तिने महापालिकेतून महिन्यापूर्वीच काढून आणलाय, वरचं खोडून टाका. पेन माझ्या हातात आहे. मी खोडत नाही. तीही पेन हिसकावून घेत नाहीये.