'भोंगा' खाते बंद करणे व दोन टॉवेल परत मिळणेबाबत

प्रति,
मा. प्राचार्य तथा अध्यक्ष, शिस्त समिती,
श्री मडिवाळप्पा स्मारक कनिष्ठ महाविद्यालय, सोलापूर.

अर्जदार: कु. दानेश्वरी गुरुसिद्धप्पा हत्तुरे, बारावी वाणिज्य
गैरअर्जदार: १) पृथ्वीराज, त्याच वर्गातील विद्यार्थी
२) गुरुसिद्धप्पा हत्तुरे, अर्जदाराचे वडील

विषय: इन्स्टाग्रामवरील 'भोंगा' खाते स्नेहसंमेलनापूर्वी बंद करवणे, संमेलनाचे निवेदन अर्जदाराकडेच ठेवणे व दोन टॉवेल परत मिळणेबाबत.
संदर्भ: अर्जदाराची तोंडी तक्रार व आपले तोंडी उत्तर, "दुर्लक्ष कर की."

महोदय,

१. पृथ्वीराजला यातून काय मिळणार होते, ते आधी मांडलेले बरे. स्नेहसंमेलनाच्या निवेदनासाठी चाचणी झाली. तीत अर्जदाराची निवड झाली व पृथ्वीराज राखीव राहिला. अर्जदाराने आपण होऊन माघार घेतली की माइक त्याचा. म्हणजे तिला हरवायची गरज नव्हती, नुसती गप्प बसवली तरी भागणार होते.

२. चाचणीत अर्जदाराचे तोंड पूर्ण उघडे असतानाचा फोटो काढून त्याने 'भोंगा' नावाचे खाते उघडले. रोज तोच फोटो, खाली नवी ओळ. "मिल सुटली." "कापूस घाला कानात." "हिला लग्नात बोलवा, बँडचा खर्च वाचतो." आधी वर्ग हसला, मग ज्यांनी अर्जदाराला कधी पाहिलेही नाही तेही हसले. तेव्हापासून अर्जदार हजेरीला नुसता हात वर करते. सर वहीतून मान वर काढत नसल्याने ती गैरहजर लागते.

३. येथून गैरअर्जदार क्र. २ यांचा भाग सुरू होतो. त्यांचा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना आहे. त्यांना इन्स्टाग्राम कळत नाही, चालणारे डिझाइन कळते. मैंदर्गीच्या प्रभुलिंगकाकांनी त्यांना फोन दाखवला व म्हणाले, "अण्णा, पोरगी लई गाजायलीय की." शेकडो लाइक पाहून वडिलांचा ऊर भरून आला. खालच्या ओळी त्यांनी वाचल्या नाहीत. त्यांनी तो फोटो टॉवेलात विणून घेतला, काठावर 'भोंगा' हे नाव घातले आणि मैंदर्गीत काकांच्या मुलीच्या लग्नात पाहुण्यांना आहेर केला. अर्जदार पंगतीत वाढत होती व पाहुणे तिच्याच तोंडाला हात पुसत होते.

४. एवढ्यावर न थांबता, मुलीचे नाव मोठे केले म्हणून वडिलांनी महाविद्यालयात येऊन पृथ्वीराजचा टॉवेल-टोपी-नारळ देऊन सत्कार केला. आपणही मंचावर होतात व आपणांसही एक टॉवेल मिळाला. सदर सत्काराचा फोटो 'भोंगा' खात्यावर आजवर सर्वांत जास्त चालला आहे.

५. अर्जदार अल्पवयीन असल्याने अर्जावर पालकाची सही लागेल, असे कार्यालयाने कळवले. सबब अर्जदार सही मागण्यास कारखान्यात गेली. वडील म्हणाले, "बंद कशाला करायलीस दानव्वा? मागणी यायलीय की." माग चालू होते. त्यांच्या खडखडाटावर ऐकू जाईल असा आवाज आमच्या घरात अर्जदार एकटीचाच आहे. त्या आवाजात अर्जदाराने खालच्या ओळी एकेक करून वाचल्या. चौथ्या ओळीला वडिलांनी माग बंद केले. पाचवी ओळ "हिच्या बापाला कान न्हाईत काय" अशी असल्याने ती शांततेत वाचावी लागली.  मग त्यांनी पेन मागितले.

६. तेव्हापासून ते मैंदर्गीत घरोघर जाऊन टॉवेल परत मागत आहेत. गौरम्माकाकू दारातच म्हणाल्या, "आहेर परत मागायलास व्हय? हितं परत तोंड दाखवायचं हाय का न्हाय?" वडील मान खाली घालून टॉवेलाची घडी करत राहिले. येडूमामांचा टॉवेल शेळीच्या करडाच्या अंगाखाली आहे, तो सोडून दिला.

७. तरी वरील विषयाप्रमाणे व्हावे, ही विनंती. अर्जदाराने आजपासून हजेरीला आवाज देणे पुन्हा सुरू केले आहे, याची नोंद असावी.

आपली नम्र व हजर,
दानेश्वरी

पालक या नात्याने सही: गुरुसिद्धप्पा हत्तुरे (गैरअर्जदार क्र. २, सर्व मजकूर मान्य)
दि. ८ डिसेंबर २०२५

सोबत: परत आलेले टॉवेल, एक गठ्ठा.
आजवर भरलेले: अर्जदाराने आवाज, वडिलांनी मैंदर्गीतला मान.
येणे बाकी: पृथ्वीराजकडून एक टॉवेल, आपल्याकडून एक.