न वाचता सही करणाऱ्यांना काही नाही

मी, प्योन सुक-ही, वय एकाहत्तर, उच्च न्यायालयाची निवृत्त पीठप्रमुख, राहणार छुनछन, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला राग आहे, पण रागामुळे मृत्युपत्र रद्द होत नाही, हे मी स्वतः एका निकालात लिहून ठेवलेलं आहे. यापूर्वीचं मृत्युपत्र मी फाडलं आहे.

कलम एक. माझा धाकटा भाऊ प्योन गी-थे याला काहीही देऊ नये. भावंडांचा सक्तीचा हिस्सा आता कायद्यात उरलेला नाही, तेव्हा त्याने वकिलावर पैसे घालवू नयेत. माझी बदली झाली त्या वर्षी, आईच्या श्राद्धाच्या जेवणाला, तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ताई, बाकीचे वाचतात तेवढंच वाचलं असतंस, तर आज वरच्या खुर्चीत असतीस." मी चमचा ठेवून उठले. तो जेवत राहिला.

कलम दोन. यो ग्वांग-सू, त्या वेळचे न्यायालयप्रमुख, माझ्या अंत्यविधीला येतील. त्यांनी पाठवलेलं फुलांचं चक्र दाराबाहेर, तोंड भिंतीकडे करून ठेवावं. बोलायला उभे राहिले, तर त्यांच्यापुढे अंत्यविधीला आलेल्यांना वाढतात ते तिखट सूप ठेवावं आणि खाली बसवावं.

याचं कारण लिहिणं भाग आहे, कारण यो आपली हकीकत सगळीकडे सांगून बसले आहेत.

माझ्या पीठावर मी आणि दोन कनिष्ठ न्यायाधीश. खटल्यांच्या फाइली गाठोड्यात बांधून ढकलगाडीवर येत. माझी रीत अशी, की खालच्या कोर्टात जो हरला त्याचं म्हणणं मी सगळ्यात आधी वाचायचे, कोणाचाही सारांश कानावर पडण्यापूर्वी. साक्षीपुरावे आम्ही तिघांत वाटून घ्यायचो. डोळे मिटायला लागले की उभं राहून मोठ्याने वाचायचं. आणि आठवड्यात वाचून होतील तेवढेच खटले सुनावणीला लावायचे. एवढंच. यात काही मोठं शहाणपण नाही.

यो मला बोलावून म्हणाले, "प्योनबाई, सगळं वाचत बसलात तर न्याय कधी द्यायचा?"

"न वाचता देता त्याला तुम्ही काय म्हणता, साहेब?"

"मी त्याला काम उरकणं म्हणतो. वरून आकडे मलाच विचारतात."

त्यानंतर ते माझ्या परस्पर माझ्या कनिष्ठाला फाइली देऊ लागले. त्याचं नाव नामगुंग हो. "तुमच्या बाईंना कशाला त्रास? सारांश करा, मी बघतो," असं त्याला सांगितलं. नामगुंगने सारांश केले नाहीत. त्याने गाठोडी घरी नेली आणि सगळं वाचलं. एका सकाळी तो आपल्या खोलीत टेबलावर कोसळला. मेंदूत रक्तस्राव.

मी त्याला वाचायची सवय लावली म्हणून तो कोसळला, असं यो नंतर सांगत फिरले. हे खोटं आहे. सवय चांगली होती. गाठोडी यो यांची होती. मी लेखी तक्रार केली, तेव्हा माझी बदली समुद्राकाठच्या एका लहान कोर्टात झाली आणि बढती कायमची राहिली.

कलम तीन. छुनछनचं राहतं घर नामगुंग हो आणि त्याची पत्नी बांग यन-ओक यांना द्यावं. ते दोघं आता सोक्छोच्या बाजारात सुक्या माशांच्या सूपचं दुकान चालवतात. तो चालतो, बोलतो, गिऱ्हाइकांशी भांडतो. फक्त वाचता येत नाही. अक्षरं दिसतात, पण मुंग्यांसारखी वाटतात, असं म्हणतो. पाटीवरचे दर यन-ओक लिहिते.

कलम चार. माझी सर्व बचत ग्वाक बुन-ई आणि तिच्यासोबत रंगकारखान्यातून काढून टाकलेल्या बायकांना, किंवा त्यांच्या वारसांना, समान वाटून द्यावी.

कोसळला तेव्हा नामगुंग याच बायकांचं अपील वाचत होता. यो यांनी ती फाइल दुसऱ्या पीठाकडे दिली आणि त्याच आठवड्यात अपील फेटाळलं गेलं. गेल्या वर्षी मासे साफ करता करता त्याने विचारलं, "बाई, त्या बायकांची फाइल शेवटी कोणी वाचली?"

"कोणीच नाही."

त्याने हातातला मासा खाली ठेवला. हात धुऊन आत गेला. यन-ओक मला म्हणाली, "त्यांना खोटं सांगितलं असतंत तरी चाललं असतं."

मी बुन-ईकडून तिची प्रत मागून आणली. दर शनिवारी दुकान बंद झाल्यावर मी वाचायचे आणि तो ऐकायचा. मध्येच थांबवायचा, "ती मुकादमाची साक्ष पुन्हा वाचा." हिवाळा असाच गेला. यन-ओक आधी रागावली, मग तीही बसू लागली. शेवटचं पान झालं, तेव्हा त्याने कमरेचा एप्रन सोडला, ताठ बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "अपील मंजूर. कामावरून काढणं बेकायदा. थकलेला पगार द्यावा."

त्याने कारणं सांगितली, मी ती लिहून घेतली. या निकालाला कुठल्याही कोर्टात किंमत नाही, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. मी पीठप्रमुख या नात्याने तो तपासला. कारणं मला पटली. मी सहमत आहे. माझ्या बचतीत थकलेला सगळा पगार बसत नाही. बाकी यो ग्वांग-सू यांच्याकडे मागावी.

हस्तलिखित मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत. गी-थेला ओळखते म्हणून दोघांना बसवलं आहे. दोघांनीही प्रत्येक पान माझ्यासमोर वाचलं आहे.

साक्षीदार: ओक पान-सू, लॉन्ड्रीचालक, तळमजला (सही)
साक्षीदार: सनू माल-ल्ये, निवृत्त कोर्ट लघुलेखिका (सही)

प्योन सुक-ही (सही व शिक्का)
छुनछन, ११ नोव्हेंबर २०२५