जेवायला यायची

कसबा पेठ, पुणे
गुरुवार

प्रिय ऋचा,

अनेक आशीर्वाद. माझा फोन तू उचलत नाहीस, आणि उचलू नयेस असंच मी वागले आहे. म्हणून हे पत्र. दहावीनंतर पत्र लिहिण्याची सवय राहिली नाही, चुकलंमाकलं समजून घे.

सलिल कंपनीत रुजू झाला. तुमच्या त्या खेळाचीच कंपनी. पगार चांगला आहे, पण घरी ताटावरून मान वर करत नाही. काल शेवयांची खीर केली तर म्हणाला, गोड कशाला आई? पातेलं खरवडण्यावरून तुझ्याशी भांडायचा तो हाच.

तुमचं काम मला कळायचं नाही. एकदा ओट्याशी उभं राहून तूच सांगितलंस की काकू, खेळ कंपनीचा, पण सगळ्यांना एकत्र जमून खेळायला सर्व्हर लागतो, तो चालवायचं सॉफ्टवेअर आम्ही जगभरची मुलं मिळून लिहितो. फुकट. मी म्हटलं, फुकट? मग खाता काय? तर म्हणालीस, तुमची आमटी! अट एकच, कुणीही घ्यावं, बदलावं, पण बदललेलं पुढच्यालाही तसंच खुलं द्यावं. मी म्हटलं, म्हणजे दत्तजयंतीचा महाप्रसाद. घरोघरची कणिक एका परातीत, आणि पंगतीला कुणीही बसावं. तू हसलीस. म्हणालीस, अटींच्या कागदापेक्षा हे सोपं आहे.

मग त्याच कंपनीने सलिलची सही घेऊन सगळं आपल्या नावावर केलं आणि कुलूप घालून विकायला काढलं. तू नोटीस पाठवलीस, माझं लिहिलेलं काढून टाका म्हणून. सर्व्हर बंद पडले, आणि खेळणारी पोरं तुलाच शिव्या घालू लागली. मीही कमी केलं नाही. फोनवर म्हणाले, मळलेल्या कणकेतून आपली मूठ परत मागतेस? तू शांतपणे म्हणालीस, महाप्रसादाचं दुकान टाकलं तर मागायची, काकू. मी फोन ठेवून दिला.

नंतर कंपनीचे वकील घरी आले. चपला बाहेर काढून, देवाला हात जोडून बसले. म्हणाले, लिहिल्याची नोंद तर सगळी सलिलच्या नावाची आहे, मग ती मुलगी इथे करायची काय? सलिल फरशीकडे बघत होता. मी म्हटलं, लिहायचा आमचा सलिलच, ती जेवायला यायची. त्यांनी ते शब्द जसेच्या तसे उतरवले आणि खाली माझी सही घेतली.

ऋचा, मीठमिरचीचा हिशेब मी रोज लिहिते, पण पानावर बसलेल्याचा कधी मांडला नव्हता. वाढलेलं बोलून दाखवू नये, असं आई सांगायची. परवा देवापुढे नैवेद्य ठेवला आणि मनात आलं, उद्या अडचण आली तर मी यालाही म्हणेन, तू काय, जेवायला यायचास. ताट तसंच ठेवून उठले.

आता खरं लिहिते. तुझ्याकडे कम्प्युटर नव्हता. विश्रांतवाडीहून बसने येऊन तू सलिलच्या कम्प्युटरवर, त्याच्याच नावाने लिहायचीस. त्याला कावीळ झाली तेव्हा महिनाभर तू एकटीच लिहीत होतीस, आणि तो आतून ओरडायचा, ऋचे, झालं का गं? हे मी डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं. वकिलांपुढे सही केली ती खोटी, ही खरी. हे पत्र तुझ्या वकिलांना दे. सोमवारच्या तारखेला कोर्टात बोलावलं तर मी येईन. सलिलची नोकरी जाईल, हे कळतंय मला. पत्र पेटीत टाकून आल्यावर त्याला सांगेन. आधी सांगितलं तर माझे पाय घराबाहेर पडायचे नाहीत. जेवायला ये, असं म्हणायला आता तोंड नाही. आणि नुसतं काकू लिहून कोर्टाला चालायचं नाही, म्हणून खाली पूर्ण नाव लिहिते आहे.

तुझीच काकू,
सौ. सुनीती गोपाळकृष्ण केतकर